चार महिने सोडलेली मराठी

एकाहत्तर सालच्या चातुर्मासात मी मराठी सोडली होती. लोक कांदा-लसूण सोडतात, वांगे सोडतात, कोणी चप्पल घालत नाही, कोणी ताटात दुसऱ्यांदा वाढून घेत नाही. मी दिवेलागणीनंतर मराठी बोलायचे नाही असा नेम धरला होता. सुट्टीच्या दिवशी तो सकाळपासूनच लागू असे. हे मी हौसेने केले नाही आणि कल्पनाही माझी नव्हती. ती माझ्या आईची.

मी तेव्हा राहुरीजवळच्या एका साखर कारखान्यात हिशेब विभागात होतो. नगरला राहून बी.कॉम. झालो होतो, लग्न होऊन तीन वर्षे झाली होती, वडील नव्हते. घरात आई, बायको आणि मी. कारखान्याच्या संचालकांच्या मनात होते की आपल्याकडे धंद्याचे व्यवस्थापन रीतसर शिकलेला एक माणूस असावा. खर्च उचलायची तयारी त्यांनी दाखवली, पण जागा वर्षभरात मिळाली तरच, आणि विभागात माझ्यासारखे आणखी दोघे इच्छुक होते. मी अर्ज केले. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जागा देऊ केली, पण एका अटीवर. परक्या देशातल्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची एक परीक्षा असते, ती द्यायची आणि ठरावीक गुण एप्रिलअखेर त्यांच्याकडे पोचले पाहिजेत. न पोचल्यास जागा दुसऱ्याला जाईल. पत्रात आणखी काही गोड मजकूर होता, पण मी आकड्यांचा माणूस. मी तेवढे एकच वाक्य पुन्हा पुन्हा वाचले.

माझे इंग्रजी वाईट नव्हते. लेखापरीक्षकांच्या अहवालातल्या चुका मी काढत असे, भाषेच्याही आणि बेरजेच्याही. पण ते सगळे डोळ्यांचे इंग्रजी. आम्हाला कॉलेजात इंग्रजी शिकवले तेही मराठीतूनच. कानाने इंग्रजी ऐकायचा प्रसंग आला नव्हता, आणि आला तेव्हा फजिती झाली.

कारखान्यात नव्या यंत्रांच्या कामासाठी एक परदेशी गृहस्थ आले होते. आमचे मुख्य अकौंटंट त्यांना विभाग दाखवत माझ्या टेबलापाशी थांबले आणि कौतुकाने म्हणाले की हा तुमच्या देशात शिकायला येणार आहे. गृहस्थांनी माझा हात हातात घेतला आणि काहीतरी विचारले. मला त्यातला एक शब्दही सुटा ऐकू आला नाही. मी मान हलवली. त्यांनी आणखी काही विचारले. मी आणखी मान हलवली. ते गेल्यावर मुख्य अकौंटंटांनी मला आत बोलावले.

"त्यांनी विचारलं, कुठल्या विद्यापीठात जाणार. तू म्हणालास, हो. मग विचारलं, निघणार कधी. तू परत म्हणालास, हो. अजून काही विचारलं असतं तर?"

"त्यालाही हो म्हणालो असतो," मी म्हणालो.

ते हसले, पण मला हसू आले नाही. परीक्षेत काय असते याची माहितीपुस्तिका मी मागवली होती, ती बोटीने यायची होती. ती येईपर्यंत मी माझ्यापुरता निष्कर्ष काढून मोकळा झालो. इंग्रजीची परीक्षा म्हणजे समोर कोणी साहेब बसणार आणि इंग्रजीत प्रश्न विचारणार. आपण उत्तरे द्यायची. म्हणजे बोलायला शिकले पाहिजे. मुख्य अकौंटंटांनाही तसेच वाटले, बायकोलाही वाटले. आमच्याकडे मुलाखत देऊन आलेल्या ज्या कोणाला विचारले त्याने तेच सांगितले. इतक्या जणांचे एकमत झालेली गोष्ट तपासून बघावी असे मला, एरवी दुसऱ्याची बेरीज परत केल्याशिवाय सही न करणाऱ्या माणसाला, सुचले नाही.

मग मी बोलायला सुरुवात केली. घरात बोलायचो, वाटेने पुटपुटायचो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी न्हाव्याचे दुकान होते. तिथे बसणाऱ्या मंडळींना हे पुरले. "या साहेब. राणीचा काय निरोप?" एक जण विचारायचा. दुसरा म्हणायचा, "हळू बोल, त्येला मराठी येत न्हाई आता." पोरे मागे लागली. आठवडाभरात माझी जीभ टाळूला चिकटली आणि मी पुन्हा गप्प वाटेने जाऊ-येऊ लागलो.

आई हे बघत होती. ती शेतकरी घरातली, सहीपुरती शिकलेली. दर चातुर्मासात ती काहीतरी सोडत असे आणि सोडलेले चार महिने तोंडात जाऊ देत नसे. आषाढी जवळ आली तेव्हा भाकरी थापता थापता म्हणाली, "तू नेम धर."

"कसला?"

"मराठी सोडायचा. दिवा लागला की मराठी न्हाई बोलायची. विंग्रजी बोल, न्हाईतर गप ऱ्हा."

"लोक आणखी हसतील."

"तू शिकतोस म्हनून हसत्यात. नेमाला कोन हसंल?"

मला ते पटले असे नाही, पण दुसरा मार्गही नव्हता. एकादशीला सकाळी तिने मला देवापुढे बसवले, हातावर पाणी घालून संकल्प सोडायला लावला. संकल्प मराठीतच सोडला, कारण दिवस होता.

आईचा अंदाज किती अचूक होता ते पहिल्या आठवड्यातच कळले. आमचा आठवडे बाजार होता आणि तो माझ्या सुट्टीच्या दिवशी येई. मी पिशवी घेऊन गेलो आणि एका भाजीवालीला इंग्रजीत वांग्यांचा भाव विचारला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी बोटाने दाखवले, पुन्हा विचारले.

"काय डोकं फिरलं काय ह्या मानसाचं," ती म्हणाली. "कालपर्यंत तर चांगलं बोलत हुता."

शेजारी आमच्या गल्लीतली एक म्हातारी बसली होती. तिने सांगितले, "त्यांचा नेम हाय. चातुर्मासाची मराठी सोडलीय."

भाजीवालीचा चेहराच बदलला. तिने तराजू खाली ठेवला. "आगं बया. मग बोलू नका दादा, अजाबात बोलू नका. माज्यापाय तुमचा नेम मोडाया नगं." तिने स्वतः निवडून वांगी घातली आणि भाव बोटांनी दाखवला. पुढच्या बाजारापासून मला लांबून बघितले की ती आजूबाजूच्यांना आधीच बजावायची, "त्यांच्याशी बोलायचं न्हाई रे, त्यांचं व्रत हाय." त्यामुळे मला इंग्रजी बोलायला मिळेना, हा भाग वेगळा. पण हसणारे कोणी उरले नाही.

न्हाव्याच्या दुकानातली मंडळीही एका दिवसात सुधारली. आता चर्चा व्हायची ती नेमाच्या अवघडपणाची. "आमचे मेव्हणे मीठ सोडत्यात," न्हावी मला दाढी करता करता सांगायचा. "त्येच्या मानानं तुमचं सोपं हाय. मराठीवाचून मानूस जगतो, मिठावाचून भाजी जात न्हाई." मी उत्तर इंग्रजीत द्यायचो. तो आदराने ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बरोबर हाय." त्याला काही कळत नसे, पण तो कधी मध्ये बोलला नाही. इंग्रजीत पूर्ण वाक्य शेवटपर्यंत नेण्याची सवय मला त्या खुर्चीवर लागली.

एकटे मुख्य अकौंटंट टोमणा मारायचे सोडेनात. "दिवसा मराठी खातो, संध्याकाळी सोडतो. नक्त करणारा दिवसा उपाशी राहून रात्री जेवतो, हा त्या नक्ताचा उलटा उपास," ते सगळ्यांना सांगत. पण संध्याकाळी कामासाठी थांबावे लागले, तर बाहेरच्या माणसांना माझ्या टेबलाकडे न पाठवता ते स्वतः बोलायचे. हे माझ्या नजरेतून सुटले नव्हते.

घरात आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायचो आणि बायको मध्ये बसून अर्थ लावायची. ती राहात्याची, मॅट्रिक झालेली. शाळेत तिला इंग्रजी होते. पहिला महिना ती निम्मे स्वतःचेच सांगायची. मी म्हणायचो की पोट भरले, ती आईला सांगायची, "भाजी चांगली झालीय म्हणतात." आई खूश व्हायची आणि आणखी वाढायची.

गणपतीच्या दिवसांत माहितीपुस्तिका आली. मी कारखान्यातून परतलो तेव्हा दिवा लागला होता आणि पाकीट कोनाड्यात ठेवले होते. ओट्यावर बसूनच मी ती वाचली. परीक्षेचे पाच भाग. ऐकून समजणे, वाक्यरचना, शब्द, वाचन, लेखन. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरे दिलेली, त्यातले एक निवडायचे आणि पेन्सिलीने खूण करायची. बोलणे एकाही भागात नव्हते. समोर साहेब बसणार नव्हता. लेखनही निबंधाचे नव्हते, तेही खुणा करण्याचेच होते.

मी पुस्तिका परत पहिल्या पानापासून पाहिली, कुठे एखादे पान सुटले का. सुटले नव्हते. दोन महिने मी चुकीच्या रकान्यात आकडे भरत होतो. आणि जो भाग खरोखर होता, ऐकण्याचा, त्याची तयारी शून्य. त्यातले प्रश्न टेपवर ऐकवणार आणि एकदाच ऐकवणार, असे स्पष्ट लिहिले होते. कारखान्यातल्या त्या गृहस्थांचे बोलणे मला आठवले. बाकी चार भाग मी कितीही चांगले केले तरी एक भाग कोरा गेला तर ठरलेल्या गुणांपर्यंत पोचणे अवघड, एवढा हिशेब ओट्यावर बसल्या बसल्या झाला. चार उत्तरांतले एक डोळे मिटून निवडले तर पाव उत्तरे बरोबर येतात. पावावर जागा मिळत नाही.

अडचण अशी की हे आईला सांगायचे तर मराठी बंद. मी इंग्रजीत सांगितले. बायकोने तीन-चार वेळा विचारून घेतले, पुस्तिका बघितली आणि आईला म्हणाली, "आत्याबाई, बोलायचं नाहीच म्हणतात परीक्षेत. नुसतं ऐकायचंय."

आई वाती वळत होती. "मग चांगलंच झालं की," ती म्हणाली. "आता तू गप बस, आमी बोलतो."

मी इंग्रजीत म्हणालो की आता या नेमाचा उपयोग नाही, मी तो सोडतो. बायकोने हेही सांगितले.

"नेम मधीच सुटत नसतो," आई म्हणाली. हातातली वात पुरी करून ती म्हणाली, "मिशनच्या दवाखान्यात ती गोरी सिस्टर हाय. माज्या पायाला तिनंच पट्टी केल्ती. तिची विंग्रजी आईच्या दुधाची असंल. तिला विचार."

दवाखाना आमच्यापासून चार मैलांवर होता. सुट्टीच्या दिवशी सायकलने गेलो. बाह्य रुग्णांची वेळ संपत आली होती. सिस्टर पन्नाशीच्या पुढच्या, उंच, हातांवर उन्हाचे डाग. पांढऱ्या साडीत बाकावर बसून एका म्हाताऱ्याला गोळ्या देत होत्या.

"सांगा बरं आजोबा, म्या काय सांगितलं?"

"गोळ्या घ्यायच्या."

"किती?"

"दोन."

"कवा?"

म्हाताऱ्याने नुसता हात पुढे केला. त्यांनी गोळ्यांची पुडी परत आपल्याकडे ओढली. "एक सकाळी, एक रातच्याला. जेवल्यावर. आता तुमी सांगा." त्याने बरोबर सांगितल्यावरच पुडी त्याच्या हातात गेली.

माझी पाळी आली. मी उभा राहून इंग्रजीत सुरुवात केली. वाक्ये पाठ करून आलो होतो.

"कुठं दुखतंय?" त्यांनी विचारले.

मी इंग्रजीत सांगितले की दुखत नाही, मला परीक्षा आहे.

"हितं मराठीच बोला. विंग्रजी आयकून पेशंट घाबरत्यात."

मी इंग्रजीत सांगितले की मला बोलता येत नाही, माझा नेम आहे. नेम हा शब्द तेवढा मराठी गेला. तो मोडला की नाही याचा निकाल मी आजपर्यंत लावलेला नाही.

"चातुर्मासाचा व्हय?"

मी हो म्हणालो. त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला आणि मला बसायला सांगितले. मग त्या इंग्रजीत बोलू लागल्या. बराच वेळ बोलल्या. माझ्याशी त्या मोकळेपणाने बोलत आहेत एवढे चेहऱ्यावरून कळत होते. शब्द एकमेकांना धरून येत होते, वाक्य कुठे संपते ते कळत नव्हते. त्या वयाने मोठ्या, मी मदत मागायला आलेलो. मी मान हलवत राहिलो.

त्या थांबल्या. "काय कळलं, सांगा."

मी खाली बघितले.

"काईच न्हाई?"

मी मान हलवली, या वेळी आडवी.

"मग मगाधरनं हो हो कशापायी करता?" आवाजात राग नव्हता. "माज्याकडं रोज अशीच मान हलवत्यात लोकं. मोठ्या मानसाला परत कसं विचारायचं, म्हनून. घरी जात्यात आन् चार गोळ्या एकदम खात्यात. म्हनून मी वदवून घेते. तुमाला बी तेच औषिद."

ठरले ते असे. मी दर सुट्टीला दवाखाना बंद व्हायच्या वेळी यायचे. त्या व्हरांड्यात पट्ट्या गुंडाळत बसणार आणि इंग्रजीत बोलणार. एक गोष्ट एकदाच. मग थांबणार, आणि मी ऐकलेले माझ्या शब्दांत परत सांगायचे. न कळले तर मान हलवायची नाही, कळले नाही असे तोंडाने म्हणायचे. मोबदला विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, "आईला सांगा, पाय वल्ला ठेवू नका."

पहिल्या दिवशी मी बहुतेक वेळ कळले नाही असेच म्हणत होतो. त्यांना कंटाळा आला नाही. त्यांचीही एक गंमत होती. वीस-बावीस वर्षे त्या याच भागात होत्या, आणि घरची पत्रे सोडली तर इंग्रजी बोलायला कोणी नव्हते. वाक्याच्या मध्ये त्यांना शब्द सापडेनासा व्हायचा. मग त्या हात हवेत धरून विचार करायच्या आणि सरळ आपला मराठी शब्द घालून पुढे जायच्या. एकदा म्हणाल्या, "तुमच्यामुळं माजीबी उजळणी व्हतीया."

त्यांच्या वडिलांचे एका लहान गावात लोखंडी सामानाचे दुकान होते. खिळे, कुलुपे, फावडी, रंगाचे डबे. त्या दुकानाबद्दल त्या सांगायच्या. बर्फ पडायच्या आधी फावडी किती मागवायची, हंगाम संपल्यावर उरलेल्यांचे काय करायचे, वर्षातून एकदा दुकान बंद ठेवून घरातल्या सगळ्यांनी माल कसा मोजायचा. हा विषय माझ्या कळण्यातला होता. मालमोजणीचे वर्णन मी पहिल्यांदा न अडखळता पूर्ण परत सांगितले, आणि वर विचारले की मोजणी चालू असताना गिऱ्हाईक आले तर काय करत. त्या पट्टी गुंडाळायच्या थांबल्या. म्हणाल्या, मलाही लहानपणी हेच वाटायचे, वडील कुणालाच परत पाठवत नसत आणि म्हणून मोजणी दरवर्षी चुकायची. हे त्यांनी इंग्रजीत सांगितले आणि मला सगळे कळले. कळले आहे हे कळायलाही मला एक क्षण लागला.

बाकीच्या दिवशी काय, हा प्रश्न बायकोने सोडवला. रोज संध्याकाळी भांडी आवरली की ती माझ्या कॉलेजच्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायची आणि मी परत सांगायचो. तिचे उच्चार माझ्यासारखेच होते, कानाला नवे काही मिळत नव्हते. पण वदवून घेण्यात ती सिस्टरपेक्षा कडक निघाली. "अहो, हे पुस्तकात नाही. हे तुम्ही घातलंत," ती म्हणायची. सवय म्हणून ऐकलेले वाक्य मी माझ्या सोयीने पुरे करतो, ही माझी खोड तिने काढली. आईला शब्द कळत नव्हते, पण ती समोर बसायची आणि मी अडकलो की विचारायची, "चुकला का?"

कार्तिकीला नेम संपला. आमच्याकडे नेमाची सांगता करताना जे सोडले ते आधी दुसऱ्याला द्यायचे आणि मग स्वतः घ्यायचे, अशी रीत आहे. गूळ सोडला तर गूळ द्यायचा. मराठी सोडली तर काय द्यायचे, हे आईने देवळातल्या गुरुजींना विचारले. त्यांनी कपाळाला हात लावला. "असा नेम माझ्यापुढं आजवर आला नाही. एखादं पुस्तक द्या कुणाला."

आईला ते पुरेसे वाटले नाही. "तोंडानं सोडली ना? मग तोंडानंच द्यायची." द्वादशीच्या संध्याकाळी तिने गल्लीतल्या बायका-माणसांना बोलावले, घोंगडी अंथरली आणि मला पोथीचा अध्याय वाचायला बसवले. न्हावीही आला होता, भिंतीला टेकून बसला. दिवा लागल्यावर मराठी तोंडात आली ती चार महिन्यांनी. पहिल्या दोन-तीन ओव्या मला धड वाचता आल्या नाहीत. आईने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि मी वाचत राहिलो.

नेम संपला तरी सिस्टरांकडे जाणे आणि बायकोचे वाचन चालूच होते. डिसेंबरात लढाई सुरू झाली, नगरच्या बाजूने लष्कराच्या गाड्या जायच्या आणि संध्याकाळी काचांना काळे कागद लावायला सांगितले होते. बायको दिव्याला आडोसा करून वाचायची. परीक्षा होईल की नाही याची मला धास्ती होती. ती झाली, जानेवारीत, पुण्याला.

मोठ्या दालनात एका टेबलावर टेप ठेवला होता. माझ्या आसपास बहुतेक मुंबई-पुण्याची, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुले-मुली होती. आपसात इंग्रजीतच बोलत होती. टेप सुरू झाला. पहिले दोन प्रश्न माझ्या हातून गेले, कारण आवाज पुरुषाचा होता आणि मी सिस्टरांच्या आवाजाची वाट बघत होतो. तिसऱ्यापासून मी ऐकलेले मनात परत सांगू लागलो, जसा व्हरांड्यात सांगत असे. जे परत सांगता येत होते त्याचे उत्तर चारांत लगेच दिसत होते. जे सांगता येत नव्हते तिथे मी डोळे मिटून एक खूण केली आणि मागे वळून बघितले नाही. कळले नाही असे स्वतःशी म्हणायला आता लाज वाटत नव्हती. ते म्हटले की पुढचे ऐकायला कान मोकळे राहत होते. बाकीचे भाग मला परके नव्हते.

निकाल मार्चमध्ये आला. मागितलेल्या गुणांपेक्षा थोडे जास्त होते. पाच भागांत सगळ्यांत कमी गुण ऐकण्याचे. ते जर पावावर राहिले असते तर एकूण बेरीज खाली गेली असती, हे मी कागदावर करून बघितले, दोनदा. मुख्य अकौंटंटांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून बेरीज तपासली आणि म्हणाले, "बरोबर आहे." मग उठून बाहेर गेले आणि साऱ्या विभागासाठी चहा सांगितला. इच्छुकांपैकी जे दोघे मागे राहिले होते त्यांनीही चहा घेतला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. हे मी विसरलेलो नाही.

आईला सांगितले तेव्हा ती देवापुढे साखर ठेवायला गेली. बायकोने माझ्या हातातला कागद घेतला आणि इंग्रजी मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचला. मग म्हणाली, "आता परत सांगा." मी सांगितले. दोन वर्षे एकटीने घर सांभाळायचे तिच्या वाट्याला येणार होते, आणि तेही त्या कागदात होते, छापलेले नसले तरी.

सिस्टरांना सांगायला मी त्याच सुट्टीला गेलो. दवाखान्यात गर्दी होती. मी दारातूनच सांगितले, मराठीत, कारण आता नेम नव्हता.

"लई बरं झालं," त्या म्हणाल्या. "बसा, लायनीत बसा."

मी बसलो. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी विचारले, देवीची लस कधी टोचली होती. मी म्हणालो, लहानपणी. परदेशी जाणाऱ्याला ती नव्याने टोचून दाखला घ्यावा लागतो हे मला माहीत नव्हते, त्यांना होते. त्यांनी स्पिरिटचा बोळा हातात घेतला.

"लिव्हता कुठल्या हातानं?"

"उजव्या."

"मग डावा द्या हिकडं. आन् ही जागा पान्यात घालायची न्हाई, खाजवायची न्हाई, ताप आला तर घाबरायचं न्हाई. सांगा, म्या काय म्हनलं?"

मी तिन्ही गोष्टी सांगितल्या. मग त्यांनी सुई टेकवली.